'आज किती गणितं सोडवली?' हे विचारणं बंद करा भाऊ

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: मुलगी बीएस्सी मॅथ्स ८६ टक्क्यांनी पास, आता एमएस्सी पार्ट वनला हॉस्टेलवर, अल्जेब्राच्या पहिल्या इंटर्नलला ३० पैकी ७ पडले, गणपतीला घरी आली तेव्हा रडली, आणि वडील विचारतायत की आत्ताच सोडायला लावून डेटा सायन्सचा कोर्स लावू की बीएड.

मार्कांचं नंतर बघू. मला खुपली ती वेगळीच ओळ. तुम्ही लिहिलंय, मी रोज रात्री फोन करून विचारतो आज किती गणितं सोडवली, ती कधी एक सांगते कधी शून्य, म्हणजे अभ्यासच करत नाही. अहो, रोज?? तुम्ही बँकेत आहात, संध्याकाळी कॅश टॅली झाली की दिवस मिटला, तसा हा विषय रोजच्या रोज मिटत नाही हो. आणि अख्ख्या पत्रात ती स्वतः काय म्हणते याचं एकही वाक्य नाही. तुमचं मत आहे, तिच्या मामाचं आहे, पुण्यात आयटीत असलेल्या शेजारच्या मुलाचं पण आहे. तिचं कुठंय?

आता तुमचा मोठा गैरसमज, की बीएस्सीला ८६ आणि इथे ७ म्हणजे पोरगी ढिली पडली. लॅग्रांजचं थिअरम तिने बीएस्सीलाच केलंय: फायनाइट म्हणजे मर्यादित ग्रुपमध्ये (ग्रुप म्हणजे ठरावीक नियमांनी एकमेकांशी जोडता येणाऱ्या एलिमेंट्सचा संच, सबग्रुप म्हणजे त्याच्या आतलाच एक ग्रुप) सबग्रुपच्या एलिमेंट्सच्या संख्येने ग्रुपच्या संख्येला पूर्ण भाग जातो. प्रूफ पाठ, पेपरात उतरवलं, पूर्ण मार्क. एमएस्सीला सर उलटीकडून विचारतात, १२ ला ६ ने भाग जातो, मग १२ एलिमेंट्सच्या प्रत्येक ग्रुपमध्ये ६ एलिमेंट्सचा सबग्रुप असतोच का? पाठ केलेलं इथे कामाला येत नाही. उत्तर नाही असं आहे, ए-फोर नावाचा १२ चा ग्रुप आहे, त्यात ६ चा सबग्रुप नाहीच. कारण असता तर तो बरोबर निम्मा असता, निम्म्या सबग्रुपमध्ये प्रत्येक एलिमेंटचा वर्ग (तो स्वतःशीच जोडला की जे येतं ते) यावाच लागतो, आणि ए-फोरमधल्या आठही थ्री-सायकल (तीन गोष्टी गोल फिरवणारे एलिमेंट्स) कुणाचे तरी वर्ग आहेत, म्हणजे ६ जागांत ८ बसवायचे. संपलं, दोन ओळींचं काम. पण या दोन ओळी स्वतःच्या डोक्यातून यायला चांगल्या चांगल्या पोरांची अख्खी संध्याकाळ जाते, कधी आठवडा जातो. नेमका त्या रात्री तुमचा फोन आला तर ती शून्यच म्हणणार ना, आणि कदाचित त्याच दिवशी तिने सगळ्यात जास्त अभ्यास केलेला असणार.

तुम्ही म्हणता शेवटी शाळेतच शिकवायचं असेल तर हे कशाला. तिच्या याच सिलॅबसमध्ये सिलोची थिअरम्स आहेत (कुठल्या आकाराचे सबग्रुप नक्की मिळतात ते सांगणारी), ती १८७२ मध्ये छापली तेव्हा लुडविग सिलो नॉर्वेतल्या एका गावात शाळामास्तर होता, नोकरीची चाळीस वर्षं त्याने शाळेतच काढली. आणि 'याचा उपयोग काय' म्हणाल तर भाजीवालीकडचा क्यूआर कोड थोडा फाटला तरी स्कॅन होतो तो २५६ एलिमेंट्सच्या फायनाइट फील्डमुळेच (याच अल्जेब्रातली एक मर्यादित संख्यांची पद्धत). पण खरं सांगते, त्यावर कुणी तिला नोकरी देणार नाहीये, तेव्हा उपयोगाच्या नावाने मी तुम्हाला हा विषय विकणार नाही. नेट, सेट, गेट, एनबीएचएम, गणितातल्या या पुढच्या सगळ्या परीक्षांत अल्जेब्रा आहेच, तिथे बघू म्हणून इथून पळण्यात अर्थ नाही.

७ मार्कांचं म्हणाल तर तिने तपासलेला पेपर घेऊन सरांकडे जावं आणि मार्क नेमके कुठे कापले ते विचारावं. बहुतेक वेळा डेफिनिशनच धड लिहिलेली नसते आणि पोरं प्रूफच्या मागे धावतात. कुठलंही थिअरम आलं की आधी एस-थ्री, झेड-सिक्स, डी-फोर अशा छोट्या ग्रुपवर हाताने करून बघायचं, आणि एखाद्या मैत्रिणीला फळ्यावर बोलून समजवायचं, अडकलं की तिथेच कळतं काय येत नाही ते. उन्हाळ्यात एमटीटीएसला अर्ज करू दे, प्रा. कुमारेसन यांनी १९९३ ला सुरू केलेला गणिताचा कॅम्प आहे, तिथे पाठांतर चालतच नाही, 'का?' विचारून विचारून पोरांना विचार करायला लावतात.

आणि पत्राच्या तळाला बारीक अक्षरात 'पुढच्या वर्षी लग्नाचं पण बघायचंय' असं आहे. ही घाई अल्जेब्राची आहे की स्थळांची? डेटा सायन्सचा कोर्स सहा महिन्यांत संपतो म्हणूनच तो बरा वाटतोय का? तसं असेल तर तिला सरळ सांगा, ३० पैकी ७ ची ढाल कशाला पुढे करताय. बाप म्हणून काळजी कळते मला, पण ही पद्धत पटली नाही.

माझं मत, सेम पूर्ण होऊ दे. नंतर ती स्वतः म्हणाली की हा विषय मला नकोय, तर सोडू दे, वर्ष वाया गेलं म्हणून बोल लावू नका. फोन जरूर करा, जेवलीस का विचारा. पुढचं पत्र मात्र तिलाच लिहू दे, आणि पाठवण्याआधी ते तुम्ही वाचू नका.