सगळी कांजी हिरागानात बदलून वाचली तर चालेल का?

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जपानीची एन-४ परीक्षा झाली. आता कुठलाही मजकूर ॲपमध्ये टाकून सगळी कांजी (चिनी मुळाची, अर्थ दाखवणारी अक्षरं) हिरागानात (नुसता उच्चार दाखवणारी जपानी लिपी) करून घेते आणि वाचते. डिसेंबरच्या एन-३ला, म्हणजे पुढच्या पातळीच्या परीक्षेला, आणि पुढे नोकरीला एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. पण ॲप काढून टाकू नकोस, सेटिंग बदल. हिरागाना कांजीच्या जागी नको, डोक्यावर बारीक अक्षरांत हवी, म्हणजे फुरिगाना.

जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे सुरू होतो ते बरेचदा कांजीमुळेच कळतं. 'किशा नो किशा वा किशा दे किशा शिता' हे नुसत्या हिरागानात वाचून बघ. कांजीत अर्थ सरळ आहे: तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने ऑफिसात परतला. चारही 'किशा' वेगळ्या.

शिवाय ॲप अंदाज बांधतं. 'इत्ता' (गेला) आणि 'ओकोनात्ता' (पार पाडलं) कांजीत हुबेहूब सारखे दिसतात. 'काराई' (तिखट) आणि 'त्सुराई' (क्लेशदायक) यांचंही तेच. नावांचं तर विचारूच नकोस. एकाच लिखाणाची युकोही होते नि हिरोकोही, म्हणून जपानी फॉर्मवर फुरिगानाचा वेगळा रकाना असतो.

वहीत देवनागरीत उच्चार लिहीत असशील तर तेही थांबव. 'ओबासान' म्हणजे मावशी की आजी? फरक 'बा'च्या लांबीचा, आणि आपला काना दोन्हीकडे तोच.

रोज साधारण ३०० अक्षरांचा उतारा घे. आधी फुरिगाना बंद ठेवून वाच, अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मार. दहापेक्षा जास्त अडले तर सोपा उतारा शोध. मग तेवढ्याच शब्दांचा उच्चार शब्दकोशात बघ, ॲपवर सोडू नकोस. तिसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा, फुरिगानाशिवाय. सुट्या कांजीचे ओन-कुन (चिनीवरून आलेले आणि मूळ जपानी उच्चार) घोकण्यापेक्षा अख्खा शब्द लिही.

एन-३च्या शब्दसंग्रहाच्या पेपरात पहिलाच प्रश्न कांजीचा उच्चार विचारतो. पर्याय फसवे असतात, कुठे दीर्घ स्वर कमी, कुठे छोटा 'त्सु' (पुढचं व्यंजन दुप्पट करणारी खूण) जास्त. दुसरा प्रश्न नेमका उलटा, हिरागाना देऊन कांजी विचारणारा. तिथे तुझी आत्ताची सवय काहीच कामाची नाही.

नोकरीत एक्सेलचं फोनेटिक फंक्शन भेटेल. ते कांजी वाचत नाही, टाइप करताना दिलेला उच्चार तेवढा परत दाखवतं. पीडीएफमधून चिकटवलेल्या नावांपुढे कांजीच उमटते, आणि तो रकाना हाताने भरावा लागतो.