आरोग्यशंका: हिवतापात उतरलेलं कोलेस्ट्रॉल

प्रश्न : वय 54. गणपतीत थंडी वाजून ताप आला, तपासणीत व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप (मलेरिया) निघाला. त्याच रक्तातून पॅकेजमधलं लिपिड प्रोफाइलही (रक्तातल्या चरबीची तपासणी) झालं: एकूण कोलेस्ट्रॉल 112, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्ट्रॉल) 14, ट्रायग्लिसराइड 290, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्ट्रॉल) 40. जूनमध्ये एकूण 218 आणि एलडीएल 145 होतं, तेव्हा डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्ट्रॉल कमी करणारी गोळी) सुरू करायला सांगितलं होतं. मी टाळत आलो. आता एलडीएल 40 आहे, म्हणजे गोळी नकोच ना?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, पण त्यावरून काहीही ठरवू नका. हे आकडे तुमचे नाहीत, तापाचे आहेत.

हिवतापात एकूण कोलेस्ट्रॉल, एलडीएल आणि एचडीएल तिन्ही खाली येतात आणि ट्रायग्लिसराइड वर जातं. टायफॉइडसारख्या इतर तापांतही असं होतं, पण हिवतापात घसरण जास्त दिसते. तांबड्या पेशीत वाढणाऱ्या परजीवीला नवनवी आवरणं लागतात. कोलेस्ट्रॉल मात्र त्याला स्वतः बनवता येत नाही. ते तो पेशीच्या आवरणातून आणि रक्तातून उचलतो. पण सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. शरीरात दाह पेटला की यकृताचं काम बदलतं, एचडीएलचं मुख्य प्रथिन कमी तयार होतं. रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज मंदावतं, म्हणून ट्रायग्लिसराइड साचतं. शिवाय तापात घेतलेलं रक्त बहुतेक वेळा उपाशीपोटीचं नसतं.

आता त्या 40 कडे बघा. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. 290 ला 5 ने भागलं की 58. 112 मधून 14 आणि 58 वजा केले की उरतात 40. म्हणजे ट्रायग्लिसराइड तापाने फुगलं, की एलडीएल कागदावर आणखी बारीक दिसतं. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र वापरायचंच नाही. थेट मोजलेलं एलडीएल मागावं.

एचडीएल 14 पाहून घाबरू नका आणि 290 साठी लगेच औषधही मागू नका. ताप उतरल्यावर दोन्ही काही आठवड्यांत सावरतात. मात्र ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेलं किंवा पोटात वरच्या बाजूला जोराची कळ आली, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

तपासणी पुन्हा करायची ती औषधांचा कोर्स संपल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी. व्हायव्हॅक्समध्ये यकृतात दडलेल्या परजीवीवरचं औषध, प्रायमाक्वीन, सहसा 14 दिवस चालतं, तेही धरून मोजा. मध्ये दिवाळी आली तर फराळ आटोपून आठवडाभर जाऊ द्या, नाहीतर चकलीचं ट्रायग्लिसराइड हिवतापाच्या खात्यावर जाईल. 10 ते 12 तास उपाशी राहा, पाणी चालेल, लॅब जूनचीच ठेवा. व्हायव्हॅक्स यकृतात दडून पुन्हा उलटतो. तसा ताप आला तर मोजणी नव्याने सुरू. तोवर गोळीचा निर्णय जूनच्या 145 वरच, तुमच्या डॉक्टरांबरोबर.

मधुमेह असेल तर आणखी एक: हिवतापात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटंच कमी येतं. ती तपासणी सुमारे 3 महिन्यांनी करा.

प्रश्न : आईंना अटोरव्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) चालू आहे आणि आता हिवताप झालाय. गोळी बंद करू का?
— मांजलपूर, वडोदरा

उत्तर : आपल्या मनाने नको. हिवतापाचं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची यादी दाखवा. यकृताचे आकडे खूप वाढले असतील तर ते काही दिवस थांबवतील. लघवी चहाच्या कोऱ्या अर्कासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. स्टॅटिनने स्नायूंना इजा झाली, जी6पीडी (तांबड्या पेशींना जपणारं विकर) कमी असताना प्रायमाक्वीन दिलं गेलं, किंवा हिवताप बळावला, तिन्हींत लघवी अशी होऊ शकते आणि घरी बसून फरक कळत नाही.

प्रश्न : फाल्सिपेरम जातीच्या हिवतापासाठी आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन दिलंय आणि ते तुपाबरोबर घ्यायला सांगितलंय. यांचं कोलेस्ट्रॉल तर आधीच जास्त! आणि शेव-उसळ द्यावी का?
— रावपुरा, वडोदरा

उत्तर : ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. कोऱ्या चहाबरोबर घेतलं तर औषध कमी पडतं आणि परजीवी उरतो. प्रत्येक डोसाबरोबर कपभर सायीचं दूध किंवा चमचाभर तूप घातलेली खिचडी पुरे. कोर्स 3 दिवसांचा, एकूण 6 डोस. तेवढ्या तुपाने कोलेस्ट्रॉलचं काही बिघडत नाही. डोस घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर तो पुन्हा द्यावा लागतो, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवा. शेव-उसळीचं विचारलंत: उसळ खुशाल द्या, तर्री आणि शेव भूक परतल्यावर.