कन्सल्टेशन-लायझन फेलोशिप: सुरुवातीला एवढंच सांभाळ

कन्सल्टेशन-लायझनची, म्हणजे इतर वॉर्डांतल्या पेशंटचे मानसिक प्रश्न बघणाऱ्या मानसोपचाराची, फेलोशिप मिळाली, अभिनंदन! इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात केसेसची ददात नाही. ट्रान्सप्लांट, सायको-ऑन्कॉलॉजी (कॅन्सरच्या पेशंटचे मानसिक प्रश्न) तूर्तास बाजूला ठेव.

आधी डेलिरियम, म्हणजे शारीरिक आजाराने किंवा औषधाने अचानक उडालेला मनाचा गोंधळ. दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या कॉलच्या चिठ्ठीवर ‘डिप्रेशन, जेवत नाही, बोलत नाही’ असं लिहिलेल्या आजी बरेचदा डिप्रेशनच्या नसतातच. तो शांत डेलिरियम असतो. त्यांना शनिवारपासून उलटे वार म्हणायला सांग. गुरुवारपाशी अडखळून खिडकीकडे बघत बसल्या, तर अँटिडिप्रेसंट लिहायची घाई नको. सोडियम, इन्फेक्शन, तुंबलेली लघवी बघ आणि औषधांचा चार्ट स्वतः वाच. झोपेसाठी दिलेली गोळी किंवा ॲलर्जीचं औषध तिथेच सापडतं. घरी मराठी बोलणाऱ्या आजींना मराठीतच विचार, नाहीतर चूक भाषेची की आजाराची, कळायचं नाही.

बाकी थोडक्यात:

- कॉल पाठवणाऱ्याला फोन कर. ‘पेशंट त्रास देतो’ यामागचा खरा प्रश्न चिठ्ठीत नसतो.
- ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तर शेवटची दारू कधी घेतली ते विचार. नातेवाइकांनाही, वेगळं घेऊन. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या आधी.
- हॅलोपेरिडॉल (डेलिरियममधल्या अस्वस्थपणावरचं औषध) देण्याआधी ईसीजीतला क्यूटी (ठोक्यातलं एक अंतर, जे या औषधाने लांबू शकतं) बघ.
- ‘पेशंट सक्षम आहे का?’ याला सरसकट उत्तर नसतं. कोणत्या निर्णयासाठी, ते आधी ठरव.

नवे फेलो दोन पानी नोट लिहितात, हौसेने. सर्जन शेवटच्या तीन ओळी वाचतो (तेही वेळ असेल तर). काय करायचं ते तिथे लिही, आणि वॉर्डच्या सिस्टरना तोंडी सांगूनच निघ.