झोप आणायला गेलं की झोप उडते

"सगळं करून पाहिलं, तरी झोप येत नाही." ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांची रांग संपत नाही. 'सगळं करून पाहणं' हाच या दुखण्याचा मोठा भाग आहे, हे त्यांना चटकन पटत नाही.

असेच एक बँकेतले गृहस्थ, पंचेचाळिशीचे. नऊला मोबाईल बंद, जायफळ घातलेलं दूध, दहाला अंथरूण. मग दर अर्ध्या तासाने घड्याळ: आता लागली तरी पाचच तास मिळणार.

मी विचारलं, "रविवारी दुपारी पेपर वाचताना डोळा लागतो?"

"लागतो की, खुर्चीतच."

"त्यासाठी काय करता?"

"काहीच नाही." जरा थांबून म्हणाले, "उलट, पेपर संपवायचा असतो हो!"

गाठ इथे सुटली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर माझा भरवसा आहे तो अशा वेळी. जागरणापेक्षा 'आज झोप लागायलाच हवी' हा हट्ट जास्त छळतो. हट्टाने शरीर सावध होतं आणि सावध शरीर झोपत नाही. बरं, "हट्ट सोडा" म्हटलं, तर माणूस तो सोडण्याचाही हट्ट धरतो. म्हणून कामच बदलून दिलं: दिवा मालवून पडायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि जागं राहायचं. पुढच्या भेटीत म्हणाले, "जागं राहणं काही जमलं नाही."

सोबत वेळेचा हिशेब हवाच. ते ८ तास अंथरुणात असत, झोप जेमतेम साडेपाच तास. मग झोपायची वेळ साडेबारा केली, उठायची सहा, रविवारीही सहाच. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोपेत गेला, की १५ मिनिटं आधी आडवं व्हायचं. अंथरुणातला वेळ ५ तासांखाली मात्र नेत नाही. वीसेक मिनिटांत झोप नाही आली, तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. हे अंदाजाने, घड्याळ नजरेआड ठेवूनच.

फसतं ते पहिल्याच आठवड्यात. दिवसा पेंग येते, माणूस दुपारी तासभर आडवा होतो आणि रात्रीची झोप तिथेच खर्ची पडते. त्या दिवसांत दुचाकीचा लांबचा प्रवास टाळा. फिट येत असतील, बायपोलर आजार (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर झोपेचे तास कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. झोपेच्या गोळ्याही मनाने एकदम बंद करू नका.