आधी दुधाचा फॉर्म पक्का कर, मग रिॲक्ट

प्रश्न: मी संगमनेरला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या दूध संकलन केंद्रासाठी जावास्क्रिप्टने फॉर्म केलाय, पण सकाळचे १२ आणि संध्याकाळचे ८ लिटर टाकले की एकूण १२८ येतं. मैत्रिणी म्हणतात, यात वेळ घालवू नकोस, थेट रिॲक्ट (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) शीक. काय करू?

उत्तर: तो फॉर्म अजिबात सोडू नकोस. तुला पुढे लागणारं बरंचसं शिक्षण त्यातच आहे.

फील्डची व्हॅल्यू, म्हणजे फॉर्मच्या रकान्यात भरलेलं काहीही, जावास्क्रिप्टला नेहमी मजकूर म्हणून मिळते, फील्डचा टाइप नंबर ठेवला तरीही. त्यामुळे बेरीज न होता १२ ला ८ चिकटतो. मजकुराचा आकडा करणारं नंबर फंक्शन वापरलंस की २० येतील. पण रिकाम्या फील्डलाही नंबर शून्यच म्हणतो. संध्याकाळी दूध आलंच नाही की नोंद करायची राहिली, हा फरक शेतकऱ्याच्या पैशांचा आहे. म्हणून फील्ड रिकामं आहे का, हे आधी तपास. आणि साध्या टेक्स्ट फील्डमध्ये कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकले, तर उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे हा आकडाच नाही. आपल्या माणसांसाठी फॉर्म करतेयस, तर याची सोय तूच करायला हवीस. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या चिन्हाला दिलेला नंबर, २४०६ आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की खरा आकडा मिळतो.

पुढे फॅटवरून दर आपोआप भरायला जाशील, तेव्हा दर दिसेल पण रक्कम जुनीच राहील. स्क्रिप्टने व्हॅल्यू बदलली की इनपुट इव्हेंट (फील्ड बदलल्याची सूचना) येत नाही, हिशोबाचं फंक्शन तुलाच बोलवावं लागतं. दराचं फील्ड डिसेबल्ड, म्हणजे बंद, केलंस, तर ते सर्व्हरकडे जाणारच नाही. रीडओन्ली ठेव, म्हणजे दिसेल पण त्यात टाइप करता येणार नाही. तेही ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून कुणीही बदलू शकतं, तेव्हा दर सर्व्हरवर पुन्हा तपासायचाच.

रिॲक्ट जरूर शीक, पण या फॉर्मनंतर. तिथेही व्हॅल्यू आणि ऑनचेंज (फील्ड बदललं की चालणारं फंक्शन) यांच्याशीच गाठ आहे. आणखी एक वाट तुझ्या मैत्रिणींच्या लक्षात आलेली दिसत नाही: ऑटोमेशन टेस्टिंग. सिलेनियम किंवा प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूल्सने फील्ड भरायची, बटण दाबायचं आणि पानावर आलेलं उत्तर ताडून पाहायचं. फॉर्म कुठे चुकतो हे स्वतः भोगलेल्या मुलीला ते काम लवकर जमेल, असं मला मनापासून वाटतं.

आता काकांना पंधरा दिवस हा फॉर्म रोजच्या वहीच्या जोडीने वापरायला दे. वहीतला आणि फॉर्ममधला आकडा जुळला नाही की तारीख, कारण आणि तू केलेली दुरुस्ती लिहून ठेव. मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारलं की ती पानं समोर ठेव.