वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हचा ॲम्प की डिजिटल मॉडेलिंग?

प्रश्न : मी सहा वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझ्याकडे 15 वॅटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, आहे. पण घरी तो मोकळेपणाने वाजवता येत नाही आणि आवाज कमी ठेवला की त्यातला दमच निघून जातो. म्हणून तो विकून डिजिटल मॉडेलिंगचा, म्हणजे अशा ॲम्पच्या आवाजाचे चिपवर अनुकरण करणारा, ॲम्प घ्यावा, असा विचार आहे. मात्र बरोबर वाजवणारे मित्र म्हणतात की डिजिटलमध्ये जीव नसतो, आणि एकाचा मॉडेलर (असे अनुकरण करणारे यंत्र) हेडफोन लावून वाजवून पाहिला तेव्हा मलाही तसेच वाटले. हा फरक खरा आहे की मनाचा ग्रह?

उत्तर : आपल्याला जाणवलेला फरक खराच आहे. परंतु आपण जी तुलना केली तीत व्हॉल्व्हच्या जागी चिप आली एवढाच बदल झालेला नव्हता. स्पीकर गेला होता आणि आवाजाची पातळीही बदलली होती. माझ्या मते आपल्या कानांना खटकल्या त्या याच दोन गोष्टी, आणि व्हॉल्व्ह-डिजिटलच्या बहुतेक वादांत नेमके त्यांच्याकडेच दुर्लक्ष होते.

ॲम्पसमोर उभे राहून आपण वाजवता तेव्हा आवाज स्पीकरमधून निघून भिंतींवरून परततो, जमिनीतून पायांना जाणवतो, आणि पुरेसा मोठा असेल तर गिटारच्या तारांनाही हलवतो. त्यामुळे लांबवलेला स्वर विझत जाण्याऐवजी तग धरून राहतो. हेडफोनमध्ये यांतले काहीच घडत नाही. तिथे आपल्याला ऐकू येतो तो मुळात ॲम्पसमोर उभ्या माणसाला येणारा आवाजच नसतो; स्पीकरच्या कापडापासून चार बोटांवर मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रण केले असते, तर मुद्रणात जो आवाज उतरला असता, त्याचे ते अनुकरण असते. तो आवाज कितीही हुबेहूब असला तरी सवय नसलेल्या वादकाला तो परकाच वाटणार. आपण स्टुडिओत स्वतःचाच ट्यूब ॲम्प मायक्रोफोन लावून वाजवलात आणि बंद दाराआड हेडफोनवर ऐकलात, तर ‘यात जीव नाही’ अशी तक्रार आपण त्याच्याबद्दलही कराल.

गिटारच्या स्पीकरचा वाटा किती मोठा असतो, हे एका साध्या प्रयोगाने कळते. कोणत्याही मॉडेलरवर डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटवलेला, आवाज लावा आणि त्यातले कॅबिनेटचे, म्हणजे स्पीकरच्या पेटीचे, अनुकरण तेवढे बंद करा. भरदार वाटणाऱ्या आवाजाचे क्षणात मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे कर्कश घोंघावणे होते. याचे कारण असे की, गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर सोडतच नाही, आणि डिस्टॉर्शनमधला कर्कश भाग नेमका तिथे असतो. इतिहासातही याची साक्ष मिळते. मार्शल कंपनीचा 1960च्या दशकाच्या प्रारंभीचा जेटीएम 45 हा ॲम्प फेंडरच्या बासमन या ॲम्पचा विद्युत आराखडा जवळजवळ जसाच्या तसा घेऊन बांधलेला होता. मार्शलमध्ये पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह अधिक गेनचा, म्हणजे संकेत अधिक वाढवणारा, होता, ट्रान्सफॉर्मर वेगळा होता, आणि मुख्य म्हणजे मागून उघड्या पेटीतल्या 10 इंची चार स्पीकरांऐवजी मागून बंद पेटीतले 12 इंची चार स्पीकर आले. एवढ्या बदलाने दोन्हींची कुळे वेगळी झाली. दोन्हीकडे व्हॉल्व्हच असताना इतका फरक पडत असेल, तर स्पीकर सोडून केवळ व्हॉल्व्ह आणि चिप यांच्याविषयी भांडण्यात अर्थ उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे धावतात आणि मधली ग्रिड गिटारच्या क्षीण संकेतानुसार त्यांना आवरते किंवा मोकळे सोडते. संकेत मोठा होत गेला की हे आवरणे-सोडणे एका मर्यादेला पोहोचते. पण ती मर्यादा भिंतीसारखी न येता उतारासारखी येते, म्हणून आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दाट होत जातो. शिवाय ॲम्पमधला प्रत्येक भाग दुसऱ्यावर परिणाम करीत असतो. ज्या ॲम्पमध्ये रेक्टिफायरही (विजेचा प्रवाह एकदिश करणारा भाग) व्हॉल्व्हचा असतो, त्यात जोरदार छेड दिली की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो; कानाला ते असे जाणवते की स्वर सुरुवातीला किंचित दबला आणि मग फुलला. स्पीकरचा विद्युत अवरोधही प्रत्येक कंपनसंख्येला सारखा नसतो, आणि व्हॉल्व्हचा ॲम्प त्या चढउतारांना दाद देतो. मॉडेलिंग म्हणजे या सगळ्या देवाणघेवाणीचे गणित मांडून ते दर सेकंदाला हजारो वेळा सोडवणे.

हे गणित सुरुवातीला तोकडे होते, हे मान्य केले पाहिजे. लाइन 6 कंपनीने 1996मध्ये ॲक्ससिस 212 हा पहिला डिजिटल मॉडेलिंग ॲम्प आणला आणि 1998मध्ये पॉड हे लहान यंत्र आणले. त्या काळच्या प्रोसेसरच्या ताकदीला मर्यादा होती. डिस्टॉर्शनमधून मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर, म्हणजे हार्मोनिक, निर्माण होतात. ते डिजिटल यंत्राच्या आवाक्यापलीकडे गेले की उलटून खाली येतात आणि मूळ स्वराशी काहीही नाते नसलेले बेसूर आवाज त्यात मिसळतात. उंच स्वर ताणताना मागे धातू घासल्यासारखे काहीतरी ऐकू येई ते यामुळे. ‘डिजिटलमध्ये जीव नसतो’ हे मत त्या पिढीच्या यंत्रांवरून तयार झाले आणि तेव्हा ते चुकीचेही नव्हते. पुढे प्रोसेसर वाढले. संकेतावर मूळ वेगाच्या कित्येक पट वेगाने गणित करून हा दोष काबूत आणला गेला. फ्रॅक्टल कंपनीचा ॲक्स-एफएक्स हा मॉडेलर 2006मध्ये आला. पुढच्या दशकात केंपर कंपनीने एक निराळी वाट काढली : विद्युत आराखड्याचे गणित मांडण्याऐवजी खऱ्या ॲम्पमधून चाचणीचे आवाज पाठवायचे आणि तो काय करतो ते टिपून घ्यायचे. आजची न्यूरल नेटवर्क वापरणारी ‘कॅप्चर’ यंत्रे हेच काम अधिक बारकाईने करतात. मात्र कॅप्चर हे छायाचित्रासारखे असते. मूळ ॲम्पची बटणे ज्या स्थितीत असताना ते टिपले त्या स्थितीत ते सर्वाधिक खरे, आणि गेनचे बटण फार दूर नेले की सत्यापासून ढळते. आराखड्यावरून केलेल्या मॉडेलची बटणे मूळ ॲम्पच्या बटणांसारखी वागतात.

माझ्या अनुभवात चांगल्या-वाईट मॉडेलचा निकाल एकाच कसोटीवर लागतो. ॲम्प थोडा फाटू लागेल इतका गेन ठेवा, गिटारचे व्हॉल्यूमचे बटण 10 वर ठेवून एक कॉर्ड छेडा, मग तोच हात, तेवढाच जोर ठेवून बटण 4 वर आणा. चांगल्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये आवाज केवळ लहान होत नाही. कॉर्डमधली एकेक तार सुटी होऊन ऐकू येते, नखाचा स्पर्श दिसू लागतो. जुने मॉडेलर इथे उघडे पडत, कारण त्यांचा आवाज लहान होई पण तसाच गढूळ राही. आजचे उत्तम मॉडेलर या कसोटीला उतरतात. मी स्वतः एकाच स्पीकरवर आणि सारख्या पातळीवर पडद्याआडून ऐकताना अनेकदा चुकलो आहे आणि ते मोकळेपणाने सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही.

म्हणून ॲम्प विकण्याआधी आपण एकदा न्याय्य तुलना करावी. आपल्या ॲम्पला इफेक्ट लूप, म्हणजे प्रीॲम्प (संकेत घडवणारा पहिला भाग) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा शेवटचा भाग) यांच्यामधली जोडणीची जागा, असेल तर मित्राचा मॉडेलर तिच्या रिटर्नला, म्हणजे परतीच्या जोडणीला, जोडा, मॉडेलरमधले कॅबिनेटचे आणि पॉवर ॲम्पचे अनुकरण बंद करा, आणि दोन्ही आवाजांची पातळी काटेकोरपणे सारखी करा. अगदी 1 डेसिबलने मोठा असलेला आवाजही कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. या पद्धतीने दोन्हीकडे तोच पॉवर ॲम्प आणि तोच स्पीकर राहतो; मग जो फरक उरेल, तो प्रीॲम्पच्या मॉडेलिंगचा म्हणता येईल.

दम निघून जाण्याचे कारण वॅटच्या आकड्यात आहे. गिटारचा चांगला स्पीकर केवळ 1 वॅटला एक मीटरवर 97 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. 15 वॅटला त्यात सुमारे 12 डेसिबलची भर पडते. घरात चालेल अशा पातळीवर आपल्या ॲम्पचे पॉवर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर जवळजवळ झोपलेलेच असतात. 30 वॅटऐवजी 15 वॅटचा ॲम्प घेतला म्हणून तो घरगुती होत नाही, कारण वॅट निम्मे केल्याने फक्त 3 डेसिबल कमी होतात. आपल्या जागी मी असतो, तर ट्यूब ॲम्प ठेवून त्याच्या स्पीकरच्या जागी रिॲक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरसारखा विद्युत भार देणारी, पण आवाज न करणारी पेटी) जोडला असता आणि रात्री तोच ॲम्प कॅबिनेटच्या अनुकरणासह हेडफोनवर वाजवला असता. पण दोन्ही ठेवणे परवडणारे नसेल आणि वाजवणे बहुतांशी घरीच असेल, तर मॉडेलिंग ॲम्प निःशंकपणे घ्यावा. रोज दोन तास वाजवता येणारे वाद्य हे वर्षातून चारदा पूर्ण आवाजात वाजणाऱ्या वाद्यापेक्षा गिटारवादकाला अधिक शिकवते.

प्रश्न : मॉडेलरवर रात्री हेडफोन लावून तासन्‌तास मेहनतीने जमवलेला आवाज दुसऱ्या दिवशी ड्रम आणि बेसबरोबर वाजवताना पार हरवून जातो. यंत्र सदोष आहे का?

उत्तर : यंत्रात दोष नाही. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी 1933मध्ये दाखवून दिले की माणसाच्या कानाला हळू आवाजात खर्ज आणि तारेकडचे भाग प्रत्यक्षापेक्षा कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते भरभर वर येतात. रात्री हळू आवाजात आपण बास आणि ट्रेबल वाढवता, मधला भाग कमी करता, आणि ते कानाला गोड लागते. दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात तोच बास बेस गिटारच्या आणि किक ड्रमच्या जागेत शिरतो, ट्रेबल झांजांत विरघळते, आणि गिटारची स्वतःची जागा, म्हणजे 400 ते 2,000 हर्ट्झचा मधला पट्टा, आपणच रिकामा करून ठेवलेला असतो. ट्यूब ॲम्पवाल्याला हा त्रास कमी होतो तो व्हॉल्व्हमुळे नव्हे, तर तो सहसा वाजवण्याच्या पातळीवरच बटणे जुळवतो म्हणून. बॅंडसाठीचा आवाज बॅंडच्याच पातळीवर, शक्य तर बाकीचे वाजवत असताना जुळवावा. एकटा ऐकताना तो थोडा नाकातला आणि कोरडा वाटला तरी बदलू नये. घरासाठी वेगळा प्रीसेट, म्हणजे बटणांची साठवलेली जुळणी, ठेवावा.

प्रश्न : डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो, असे म्हणतात. तो जाणवतो का?

उत्तर : स्वतंत्र मॉडेलरमध्ये हा विलंब काही मिलिसेकंदांचा असतो. हवेतून आवाज 1 मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटीमीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून दोन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला ट्यूब ॲम्पचा आवाजही जवळपास 6 मिलिसेकंद उशिराच मिळतो. संगणकावर वाजवताना मात्र बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो आवाजाच्या नमुन्यांचा गठ्ठा, पाहावा. 48,000 हर्ट्झला 256 नमुन्यांचा बफर एका दिशेला 5 मिलिसेकंदांहून अधिक वेळ घेतो, आणि दोन्ही दिशा मिळून हाताला जडपणा जाणवू लागतो. ब्लूटूथ हेडफोन वाजवण्यासाठी वापरूच नये. त्यांचा विलंब अनेकदा 100 मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

प्रश्न : वापरलेला ट्यूब ॲम्प मिळतो आहे. देखभाल किती करावी लागेल?

उत्तर : नियमित आणि मोठ्या आवाजात वाजवणाऱ्याला पॉवर व्हॉल्व्ह साधारण एक-दोन वर्षांनी बदलावे लागतात, प्रीॲम्पचे छोटे व्हॉल्व्ह पुष्कळ अधिक टिकतात. पॉवर व्हॉल्व्ह बदलल्यावर अनेक ॲम्पमध्ये बायस, म्हणजे संकेत नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी, करून घ्यावी लागते. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दीड-दोन दशकांत थकतात. ॲम्प सुरू केल्यावर गिटार न जोडताही मोठी गुणगुण येत असेल तर पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा. नवे व्हॉल्व्ह आता जगात स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन अशा मोजक्याच ठिकाणी बनतात, त्यामुळे लागणारा प्रकार मिळतो की नाही, हे आधीच पाहून ठेवलेले बरे. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, 60 वर्षांपूर्वीचा ट्यूब ॲम्प डाग देणारा कारागीर आजही दुरुस्त करू शकतो, तर 15 वर्षांपूर्वीच्या मॉडेलरची मुख्य चिप गेली तर बहुधा तो टाकूनच द्यावा लागतो. उलट वजनाच्या बाबतीत डिजिटलची बाजू भक्कम आहे : फेंडरचा व्हॉल्व्हचा ट्विन रिव्हर्ब सुमारे 29 किलोंचा, तर त्याचेच टोन मास्टर हे 2019चे डिजिटल रूप सुमारे 15 किलोंचे आहे.

घेण्यापूर्वी ॲम्प अर्धा तास चालू ठेवून वाजवून पाहा, आणि तापल्यावर आवाज खाली बसतो का, खरखर येते का, हे ऐका. स्पीकरची केबल लागलेली आहे याची खात्री करूनच ॲम्प सुरू करा, कारण स्पीकर किंवा लोड न जोडता वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. झाकण मात्र स्वतः उघडू नका. आत 400 व्होल्टच्या आसपासचा किंवा त्याहूनही अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार काही काळ शिल्लक राहू शकतो.