कोको, कोयता आणि घानाचा कायदा

प्रश्न : मी घरी चॉकलेट करून विकते. राखी-दिवाळीला ऑर्डरी बऱ्या असतात. आठवीतल्या लेकीला शाळेत घाना देशावर प्रकल्प आहे. तिथे कोकोच्या बागांत मुलं राबतात, हे वाचल्यापासून ‘आई, तू हे बंद कर’ म्हणून ती हटून बसलीय. तिथे मुलांसाठी कायदाच नाही का? आणि मी काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, कायदा आहे आणि चांगला कडक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला सगळ्यात आधी मंजुरी दिली ती घानानेच, फेब्रुवारी 1990 मध्ये. आपण दिली 1992 मध्ये. त्यांच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे हलकं काम 13 व्या वर्षापासून, नोकरी 15 पासून आणि धोक्याचं काम 18 नंतरच. रात्री आठ ते सकाळी सहा मुलांना कामाला लावायचं नाही. माझी सगळी नोकरी कामगार खात्यात गेली. कागद म्हणून यात बोट ठेवायला फारशी जागा नाही.

अडतं ते बागेत. कोकोचं फळ कोयत्याने उतरवतात, बऱ्याचदा कोयत्यानेच फोडतात. मजूर लावायला पैसा नसला की घरचंच पोर कोयता धरतं, ओझी वाहतं. घाना आणि आयव्हरी कोस्टच्या कोको पट्ट्यात अशी सुमारे 15 लाख 60 हजार मुलं असल्याचा अंदाज 2020 मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीत होता. त्यातली बहुतेक आपल्याच घरच्या शेतात. घानात खरेदीचा भाव सरकारी कोको मंडळ जाहीर करतं. 2024 मध्ये जागतिक बाजारात भाव टनाला 10 हजार डॉलरच्या वर गेला, पण बराच माल आधीच जुन्या भावाने विकून ठेवलेला. लासलगावला कांदा नेणाऱ्याला यापुढचं सांगायला नको.

मला जास्त छळतं ते घानातलंच व्होल्टा सरोवर. ते ज्या अकोसोंबो धरणाने झालं, त्याने जंगलच पाण्याखाली गेलं. त्या बुडालेल्या खोडांत मासेमारीची जाळी अडकतात आणि ती सोडवायला पोरांना बुडी मारायला लावतात. यातली कित्येक मुलं आईबापांच्या हातावर थोडे पैसे ठेवून लांबच्या गावांतून आणलेली. 2005 पासून मानवी व्यापाराविरुद्धही कायदा आहे, तरी हे चालतं. आपल्या इगतपुरीकडची कातकरी मुलं किरकोळ रकमेवर मेंढ्या वळायला दिल्याचं 2022 मध्ये उघडकीला आलं, ते आठवतं ना? लेकीला प्रकल्पात तेही लिहू द्या. बाईंना रुचेल न रुचेल.

धंदा मात्र बंद करू नका. तुम्ही थांबलात म्हणून घानातल्या एकाही पोराच्या हातातला कोयता सुटणार नाही. घरगुती चॉकलेटला बहुधा कंपाऊंडची लादी वापरतात, म्हणजे कोको पावडर आणि वनस्पती तूप. कोको कुठला, ते वेष्टनावर क्वचितच असतं. दुकानदाराला विचारा, तो हसेल, तरी विचारा. केरळात, आंध्रात कोको पिकतो, त्याचा माल मिळतो का बघा. फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून असलेला, शिक्का असलेला माल महाग पडेल. शिक्का म्हणजे हमी नव्हे, पण निदान तपासणीला कुणीतरी जातं.

आणि कायद्याचं विचारलंत म्हणून आपल्याकडचंही सांगतो. शाळा सुटल्यावर लेक पॅकिंगला बसत असेल, तर ते आपल्या बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीत बसतं. शेजारची बारा वर्षांची पोर राखीच्या गर्दीत मजुरीवर बसवलीत, तर ते बसत नाही.